पुट्टीसाठी केलेला वजनकाटा

अक्का बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तिला सातवा महिना लागला होता. अजून पुष्कळ दिवस आहेत म्हणून आईनं डिंकसुद्धा आणून ठेवला नव्हता. तिसऱ्याच आठवड्यात, सकाळी दोशाचं पीठ ढवळता ढवळता अक्का पळी टाकून खाली बसली आणि दुपारी दवाखान्यात तिला मुलगी झाली. चौदाशे ग्रॅमची.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आमचं घर मराठी, पण चार पिढ्या बेंगळुरात काढलेलं. त्यामुळे बहीण अक्का, वडील अण्णा, आणि या मुलीला पहिल्या दिवसापासून सगळे पुट्टी म्हणायला लागले. पुट्टी म्हणजे कानडीत छोटी. तिची मूठ माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी होती. काचेच्या पेटीत ठेवलेली ती पोर पाहून अण्णा बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

ही नव्वदच्या दशकाच्या मधली वर्षं. चिकपेटच्या मागच्या गल्लीत खाली अण्णांचं भांड्यांचं दुकान आणि वर आमचं घर. मी डिप्लोमा करून इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कारखान्यात लागले होते. तिथं वजनकाट्यांच्या पोटात बसणारे लोड सेल तयार होत. आज त्या बाजूला नुसत्या इमारती आणि डोक्यावरून जाणारा रस्ता दिसतो. तेव्हा होसूर रोडवर कंपनीची बस निलगिरीच्या झाडांमधून जायची आणि सकाळी इतका गारवा असायचा की खिडकीजवळची जागा कुणालाच नको असायची.

माझं काम काय, हे घरात कुणाला नीट कळलं नव्हतं. आई शेजारणींना सांगायची, "चिकटवायचं काम करते." ते खोटंही नव्हतं. लोड सेल म्हणजे ॲल्युमिनियमचा एक वीतभर ठोकळा, मध्ये भोक पाडून पातळ केलेला. त्याच्या पाठीपोटावर नखाएवढ्या चार पट्ट्या चिकटवायच्या. त्यांना स्ट्रेन गेज म्हणतात. पट्टीत नागमोडी वळणाची केसापेक्षा बारीक तार असते. ठोकळ्यावर वजन पडलं की तो डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो, तार किंचित ताणली जाते आणि तिच्यातून वीज वाहायला जरा जड जातं. तेवढ्या फरकावरून वजन कळतं. चारही पट्ट्या चौकोनात जोडायच्या, लाल आणि काळ्या तारेनं वीज द्यायची, हिरव्या आणि पांढऱ्या तारेवर उत्तर घ्यायचं. दिवसभर भिंगाखाली मान घालून आम्ही आठजणी हेच करत असू. मला ते काम मनापासून आवडायचं, पण घरी येऊन त्याबद्दल काय बोलणार?

साडेतीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी पुट्टीला घरी न्यायला सांगितलं. बाई वयस्कर, कमी बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "हिला इतक्यात दवाखान्याच्या गर्दीत आणू नका. अंगाशी धरून ऊब द्या. दिवसाला वीस ग्रॅम तरी वाढली पाहिजे. वाढली नाही तर मला लगेच कळवा. आणि दोन किलो होईपर्यंत आंघोळ नाही, तेल चोळणं नाही."

शेवटचं वाक्य आईला लागलं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांना पहिली आंघोळ आईनं घातलेली. स्वतःच्या नातीला मात्र हात लावायचा नाही!

"वीस ग्रॅम वाढली हे घरात कळणार कसं?" अक्कानं विचारलं.

"दुकानात तराजू आहे की," अण्णा म्हणाले.

पुट्टी घरी आली त्याच दिवशी तो प्रयोग झाला. अण्णांचा तराजू पितळ तोलायचा, छताच्या हुकाला टांगलेला. एका पारड्यात दुपटं घालून पुट्टीला ठेवली, दुसऱ्यात अण्णांनी वजनं मांडायला घेतली. पहिलं दोन किलोचं वजन टाकताच पुट्टीचं पारडं हिंदकळत वर गेलं आणि अक्का अशी ओरडली की समोरच्या साडीच्या दुकानातले लोक बाहेर आले. अण्णांनी दोन्ही हातांनी पारडं धरलं. 

"लेकराला तोलत नाहीत," आई म्हणाली. "दृष्ट लागते. वाढायची ती वाढेल."

 पण रात्रीच्या जेवणाला बसले तोवर माझं ठरलं होतं.

आमच्या विभागाचे सुपरवायझर बेळगावकडचे होते, पन्नाशीचे. मराठी आणि कानडी दोन्ही सारखीच बोलायचे आणि आम्हा सगळ्यांना तंगी म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण. दुसऱ्या दिवशी मी त्यांना पुट्टीचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "सर, नापास झालेल्या मालातले दोन सेल मिळतील का? पाच किलोचे."

ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "एकानं भागत नाही?"

"परात ठेवायची आहे. एका सेलवर डुगडुगेल. दोन्ही कडांना एकेक हवा."

"विचार करून आलीस की," ते म्हणाले. नापास मालाच्या ट्रेमधून त्यांनी स्वतः बसून दोन सेल निवडले. वजन नसतानाही थोडा आकडा दाखवतात एवढाच त्यांचा दोष होता. तो पुढं स्क्रू फिरवून घालवता येतो. गेटपासवर त्यांनी काय कारण लिहिलं ते मी पाहिलं नाही, पण गेटवरच्या माणसानं तो वाचून मला विचारलं, "लेकरू कसं आहे?"

बाकीचं सामान शनिवारी एस. पी. रोडवर मिळालं. तो रस्ता आमच्या घरापासून चालत जाण्यासारखा. बोळाएवढ्या दुकानांत छतापर्यंत डबे, आणि प्रत्येक डब्यात कसले तरी पाय असलेले काळे किडे. सेलचं उत्तर इतकं क्षीण असतं की ते शेकडो पट मोठं करावं लागतं. त्यासाठीची चिप घेतली. लाल आकडे दाखवणारा एक छोटा मीटर घेतला. दुकानदार मला कॉलेजची पोरगी समजला. "प्रोजेक्टा?" त्यानं कानडीत विचारलं. मी हो म्हणाले. खरं सांगत बसले असते तर तिथंच रडू आलं असतं.

रविवारी माडीवर, गॅलरीतल्या उजेडात मी काम मांडलं. सागवानी फळीवर दोन्ही बाजूंना एकेक सेल पक्का केला. त्यांवर अण्णांच्या दुकानातली मोठी स्टीलची परात.

"परातीत कणीक मळतात," आई आतून म्हणाली. "लेकरू ठेवत नाहीत."

 मी दोन्ही सेलच्या तारा एकत्र केल्या, लाल लालला, काळी काळीला, हिरवी हिरवीला, पांढरी पांढरीला. म्हणजे दोघांचं उत्तर मिळून एकच आकडा येणार. जोड पक्के करायला सोल्डरचे डाग देताना धुराचा तो राळेसारखा वास घरभर पसरला. अण्णा दुकान बंद असल्यामुळे माझ्यासमोर पाट घेऊन बसले होते. मी लहान असताना ते असेच माझ्या गृहपाठाजवळ बसत, काही न विचारता.

मीटर लागला. आकडे पाऱ्यासारखे नाचत होते, ते हळूहळू शून्यावर आले. मी अण्णांना म्हटलं, "किलोचं वजन आणा."

त्यांनी खालून सरकारी शिक्का असलेलं लोखंडी वजन आणलं आणि देवापुढं नारळ ठेवावा तसं परातीत ठेवलं. मी स्क्रू फिरवत आकडा हजारावर आणला. मला वाटलं, झालं. पण अण्णा गप्प बसणारे नव्हते. त्यांनी वजन परातीच्या डाव्या कडेला सरकवलं. एक हजार अठ्ठावीस. मग उजव्या कडेला. नऊशे बहात्तर.

"हे काय गं?" ते म्हणाले. "असा काटा दुकानात ठेवला तर गिऱ्हाईक मारायला धावेल."

मला इतका राग आला की विचारू नका. वजनाचा नाही, त्यांचाही नाही, माझाच. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पुट्टी जरा इकडेतिकडे सरकली तरी वीस ग्रॅमच्या वर चूक होणार, मग या काट्याचा उपयोग काय?

सोमवारी सुपरवायझर हसले. "दोन बैल एका जोखडाला जुंपलेस तंगी, पण एक जास्त ओढतोय. जोराच्या बैलाला स्वल्प मागं धर." म्हणजे ज्या सेलचं उत्तर मोठं येतं त्याच्या लाल तारेत एक छोटासा अडसर घालायचा, रेझिस्टर. संध्याकाळी घरी येऊन मी तो घातला. दोन-तीन बदलून पाहिल्यावर वजन परातीत कुठंही ठेवलं तरी हजारच येऊ लागलं. अण्णांनी ते वजन परातभर फिरवलं. मग अर्ध्या किलोचं, मग दोनशेचं. शेवटी म्हणाले, "सरी. ठीक झालं. आता पोरीला ठेव."

दुपट्याच्या चार घड्या घालून, शून्य करून, पुट्टीला ठेवली. तिनं एक जांभई दिली. आकडे थोडे हलले आणि थांबले. एक हजार सहाशे बारा. अक्कानं तो आकडा मोठ्यानं वाचला आणि पुन्हा वाचला, जणू पुट्टीनं काहीतरी बोलून दाखवलं होतं.

तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडण्याआधी अण्णा आणि अक्का मिळून वजन घ्यायचे. माझी बस आधीच गेलेली असे, म्हणून मला संध्याकाळी कळायचं. मी जिना चढत असतानाच अक्का वरून ओरडायची, "चोवीस!" किंवा "अठरा!" आई मात्र वजनाच्या वेळी पाठ फिरवून भाजी चिरत बसायची. पण एकदा मी चहा घेत होते तेव्हा ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "दोन व्हायला अजून किती राहिलं?" तिच्या डोक्यात आंघोळ होती. मी सांगितलं. तिनं नुसतं हूं केलं.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी जिन्यात आवाज आला नाही. वर गेले तर घरात मिरच्या जाळल्याचा खाट भरला होता. अक्का पुट्टीला छातीशी धरून भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे डोळे सुजले होते.

"सत्तर ग्रॅम उतरली," ती म्हणाली. "काल सतराशे साठ होती, आज सोळाशे नव्वद. माझं दूधच पुरत नाही तिला. मी तिला उपाशी मारतेय."

"मी म्हटलं होतं," आई म्हणाली. तिनं दृष्ट काढली होती. तिच्या आवाजात जिंकल्याचा सूर अजिबात नव्हता. ती घाबरली होती.

अण्णा त्या दिवशी माल आणायला भल्या सकाळीच बाहेर गेले होते, म्हणून अक्कानं एकटीनंच वजन घेतलं होतं. दिवसभर ती तो आकडा मनात घेऊन बसली होती. मीही घाबरले. डॉक्टरीणबाईंना फोन करायला मी खाली निघाले, तेवढ्यात अण्णा आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चपला काढल्या, आणि विचारलं, "किलोचं वजन ठेवून बघितलं का?"

कुणीच बघितलं नव्हतं.

त्यांनी वजन परातीत ठेवलं. नऊशे पन्नास.

"पोर उतरली नाही," अण्णा म्हणाले. "काटा उतरलाय."

मी फळी उलटी केली. भिंग कारखान्यातच होतं, पण गरज पडली नाही. रेझिस्टर लाल तारेला जिथं जोडला होता तो डाग मळकट दिसत होता. तार चिमट्यानं जराशी ओढली तर हलली. रेझिस्टर बदलताना शेवटी मी घाई केली होती. डाग वरवर बसला होता, आत धरला नव्हता. कारखान्यात असा डाग मी शिकाऊ मुलींना परत करायला लावत असे. आणि त्या डागापायी माझी बहीण सकाळपासून स्वतःला दोष देत रडली होती.

मी तो काढून, तार घासून, नीट दिला. वजन हजार आलं. मग पुट्टीला ठेवली. सतराशे ऐंशी. वीस ग्रॅम वाढलीच होती.

"अक्का, चूक माझी आहे," मी म्हटलं. "तुझं दूध पुरतंय. माझं काम कच्चं होतं."

ती मला रागावेल असं वाटलं होतं. तिनं पुट्टीला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "धर जरा. मी सकाळपासून जेवले नाहीये." ती जेवायला बसली आणि आईनं तिला तीन वेळा भात वाढला.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी नियम केला. आधी वजन, मग पोर. सुपरवायझरना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "तुझे वडील आपल्याकडं तपासणीला पाहिजे होते."

त्यानंतर दहा-बारा दिवस गेले असतील. शनिवारचा दिवस होता. मी भिंगात मान घालून बसले होते आणि ऑफिसातून निरोप आला की घरून फोन आहे. घरून कधी फोन येत नसे. मी धावतच गेले.

अण्णा दुकानातून बोलत होते. "काटा गेला."

"म्हणजे काय झालं?"

"नुसता एक दाखवतोय. डावीकडं एक, पुढं काही नाही. अंधार."

"किलोचं वजन ठेवलं?"

"ठेवलं की. बरोब्बर हजार. अर्धा आणखी ठेवला, पंधराशे. पुट्टीला ठेवली की नुसता एक."

मी डोळ्यांपुढं मीटर आणला. आणि मग माझ्या लक्षात आलं. त्या मीटरला एकोणीसशे नव्याण्णवच्या पुढं आकडा दाखवताच येत नाही. त्याच्या वर गेलं की तो पुढचे आकडे विझवून नुसता एक दाखवतो. घेताना दुकानदारानं सांगितलंही होतं. पण तेव्हा पुट्टी दोन किलोची होईल हा विचार मनात आणायला आमच्यापैकी कुणी धजत नव्हतं, मग त्याच्या पुढं मोजायची सोय कोण करणार?

"अण्णा," मी म्हटलं, "काटा चांगला आहे. त्याचे आकडे संपले. पुट्टी दोन किलोची झाली."

 मग अण्णांनी रिसीव्हर बाजूला धरून जिन्याकडे तोंड करून हाक मारली असावी, कारण त्यांचा आवाज लांबून आला, "अगं, दोन झाली! दोन झाली!" त्या माणसाला मी आयुष्यात ओरडताना ऐकलं नव्हतं. ऑफिसातला क्लार्क माझ्याकडे पाहत होता. मी हसत होते की रडत होते, मला आठवत नाही.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली आणि रविवारी सकाळी आंघोळ ठरली. आईनं न्हाणीघर आदल्या दिवशीच घासून ठेवलं होतं. पाणी कोमट केलं, दार लावून घेतलं, पाय लांब करून पाटावर बसली आणि अक्कानं पुट्टीला तिच्या नडग्यांवर ठेवलं. तेलाची वाटी धरून मी शेजारी होते. आईनं तेलात बोटं बुडवली आणि तिचा हात तसाच थांबला. 

"खरंच दोन झाली ना गं?" तिनं मला विचारलं. "तुझं ते खरं सांगतं ना?"

"खरं सांगतं आई."

"तू नीट बघितलंस ना? तो डाग वगैरे?"

"काल संध्याकाळी सगळे बघितले."

माझ्या कामाबद्दल तिनं मला विचारलेला तो पहिला प्रश्न. तिनं मान हलवली आणि तेलाचा हात पुट्टीच्या पाठीवरून फिरवला. पुट्टी आधी दचकली, मग तिनं हातपाय ढिले सोडले. पाणी पडल्यावर मात्र ती जी रडली, त्या आवाजानं खालचा रस्ता डोकावला असेल. इतका मोठा आवाज तिच्यात आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

तिसरा महिना संपल्यावर अक्का दावणगेऱ्याला सासरी गेली. पुट्टीला तोवर गालावर खळी पडायला लागली होती. घर एकदम सुनं झालं. काटा माझ्या खाटेखाली गेला. मग डॉक्टरीणबाईंनीच अण्णांकडे निरोप धाडला: त्या काट्यासारखा एक दवाखान्यासाठी करून मिळेल का? त्यांच्याकडे काट्याची सुई पन्नास ग्रॅमच्या रेघांवर फिरायची आणि अशी बाळं आणखी येत होती.

दुसरा काटा मी आणि अण्णांनी मिळून केला. तीन-चार रविवार लागले. या वेळी मीटर मोठा घेतला. परात घ्यायची नाही असं अण्णांचं मत पडलं. त्यांनी ओळखीच्या कारागिराकडून लांबट, कडा वळवलेलं ॲल्युमिनियमचं तबक ठोकून घेतलं, बाळाच्या मापाचं. मी डाग द्यायची आणि ते प्रत्येक डाग चष्मा वर करून बघायचे. काय बघायचं हे त्यांना मी शिकवलं होतं. चकचकीत असला तर "आयतू", म्हणजे झालं, असं म्हणायचे, नसला तर नुसतं बोट ठेवायचे. गॅलरीत ऊन यायचं, आई मध्येच भाजलेल्या शेंगा ठेवून जायची, खालून गल्लीतल्या हातगाड्यांचा आवाज. त्या रविवारांसारखे रविवार मला पुन्हा मिळाले नाहीत. पुढं मी कारखान्यात डिझाइन विभागात गेले, खूप मोठमोठे काटे केले, ट्रक तोलणारेसुद्धा. पण समोर पाट टाकून बसणारं कुणी नव्हतं.

काटा दवाखान्यात पोचवायला आम्ही ऑटोनं गेलो. तबक माझ्या मांडीवर आणि फळी अण्णांनी कवटाळून धरलेली. सिग्नलला ऑटोवाल्यानं मागं वळून पाहिलं आणि कानडीत विचारलं, "हे काय आहे स्वामी?"

"तक्कडी," अण्णा म्हणाले. तराजू. त्याला ते तराजूसारखं काही दिसेना. तो पुन्हा वळून बघू लागला, तशी अण्णांनी फळी जरा वर उचलून त्याला खालच्या तारा दाखवल्या आणि सावकाश, एकेक रंग सांगत, लाल तारेत काय जातं आणि हिरव्या-पांढऱ्या तारेतून काय येतं ते त्याला समजावायला सुरुवात केली. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. दिवा हिरवा झाला होता. ऑटोवाला गाडी हाकता हाकताही ऐकत राहिला, आणि अण्णा दवाखाना येईपर्यंत बोलत राहिले.